भामाबाईचा सत्कार

भामाबाईला उजव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी ताप आला, तो जाताना कान घेऊन गेला. मागून येणारी मोटार तिला अंगाशी आल्यावरच कळते, म्हणून पन्नाशी उलटली तरी ती सायकलीच्या वाटेला गेली नव्हती. मग सांगलीतल्या बाजाररस्त्याच्या कडेला सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली, मोटारी आत शिरू नयेत म्हणून मधे खांब रोवले, आणि भामाबाई नातीच्या जुन्या सायकलीवर बसायला शिकली.

त्याच पट्टीवरून ती सकाळ-संध्याकाळ आक्काकडं जायची. आक्का म्हणजे थोरली बहीण हरणाबाई. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एका खोलीत पडून. डावं अंग गेलेलं, वाचा गेलेली. मुलगा कपिल विट्याच्या माणसांबरोबर तमिळनाडूत, सोनं गाळायच्या दुकानात. भामाबाई तिला भरवायची, तोंड पुसायची, आणि धारेच्या वेळेला घरी म्हशींकडं परतायची. सीटवर पैसे घेणाऱ्या वडापच्या रिक्षा त्या अंगाला फिरकत नाहीत. पॅडल मारता मारता ती एकटीच गुणगुणायची,

खांब न्हवं बाई, उभं राखणीला भाऊ
आक्काच्या घासासाठी सायकल लागे धावू

ते खांब आता काढायचे म्हणत होते. दुकानदारांनी अर्ज केला, सायकलवाल्यांनी उलट अर्ज केला, आणि वॉर्डाचे नगरसेवक दादासो यांनी मंगल कार्यालयात सभा बोलावली. हात वर करून काय ते ठरवायचं. त्याच पट्टीवरून कॉलेजात शिकवायला जाणारी राजेश्वरी भामाबाईच्या गोठ्यापर्यंत आली.

"मावशी, तुम्ही एकच सांगा. खांब गेले तर आक्कांना भरवायला कोण जाणार? बास, एवढंच."

भामाबाईनं ते धार काढता काढता घोकलं.

सभेत आधी जयराज उठला. त्याचं भांड्यांचं दुकान पट्टीच्या अगदी तोंडावर. "गिऱ्हाईकानं गाडी लावायची कुठं? डोक्यावर? गाडी लावायला जागा न्हाई म्हणून पुढच्या चौकात जातंय. कामावरची दोन माणसं कमी केली मी." आवाज खोटा नव्हता त्याचा.

"आन त्या पट्टीत सायकली कुठं हायत? वडापावचे गाडे हायत!" मागून कुणीतरी.

"मग गाडे उठवा की," राजेश्वरी म्हणाली, "खांबांनी काय घोडं मारलंय?"

"मॅडम, सायकलीची एवढी हौस असंल तर महाबळेश्वरला जावा. हवा बी गार हाय."

हशा झाला. दादासोही हसले. मग त्यांना पुढच्या रांगेत भामाबाई दिसली.

"आवं, ह्या आमच्या मावशी! या वयात सायकल! थांबा, आधी सत्कार, मग मतदान."

शाल आली, नारळ आला, फुलांचा गुच्छ आला. कुठल्याही सभेसाठी ते आणूनच ठेवलेलं असतं. दादासोंनी वाकून तिच्या पायांना हात लावला. त्यात नाटक नव्हतं. ते सगळ्यांच्याच पाया पडायचे. टाळ्या तिला एकाच बाजूनं ऐकू आल्या.

माईक पुढं आला. "बोला, मावशी." राजेश्वरी 'बोला, बोला' म्हणून मान हलवत होती. शब्द होते, जिभेवरच होते. पण खांद्यावर शाल होती. शाल घालणाऱ्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"समद्यांनी मान दिला," भामाबाई म्हणाली. "लय आभारी हाय."

टाळ्या आणखी वाढल्या. माईक निघून गेला.

"खांब राहावेत असं वाटतं त्यांनी हात वर करा."

तिच्या एका हातात गुच्छ, एका हातात नारळ. मानाचा नारळ भुईवर ठेवत नाहीत. कुणी धरील का म्हणून ती शेजारी बघू लागली, तोवर मोजणारा मागच्या रांगेला गेला होता.

बाहेर राजेश्वरी म्हणाली, तुमचा एक हात असता तरी काही फरक पडला नसता. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी जालिंदर वैरण कापत होता. फौजेतून आल्यापासून नवरा मोजकंच बोलायचा.

"बोललीस?"

"बोलले."

"काय?"

"आभार मानलं."

त्यानं वैरण म्हशीपुढं सारली. पुन्हा विळा हातात घेतला.

खांब निघाले. खड्ड्यांत डांबर भरलं, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. भामाबाईनं एकदा सायकल रस्त्यावर घालून बघितली. उजवीकडून कसलातरी वारा लागला आणि एक मोटार हाताला घासून गेली. तिथून ती सायकल ढकलत घरी आली.

आता ती पायी जाते. जयराजच्या दुकानात गिऱ्हाईक असतं. तो गल्ल्यावरून हाक मारतो, "मावशी, पाणी घ्या." ती पाणी पिते, पुढं जाते. पायी जायचं म्हणजे दिवसाला एकच खेप होते. सकाळी ती आक्काला भरवते. रात्रीचा भात ताटलीत कालवून, चालत्या हाताच्या बाजूला, झाकून ठेवते.

"सांच्याला तुजं तू खा, आक्का."

हरणाबाई नुसती बघते.

सकाळी कधी ताटली रिकामी असते. कधी झाकण तसंच असतं आणि कडेनं मुंग्यांची रांग लागलेली असते. भामाबाई मुंग्या झटकते, ताटली घासते, ताजा भात कालवायला बसते. आक्काचं तोंड लगेच उघडतं.