गच्चीखालचं कुलूप

सान्तो दोमिंगोच्या समुद्रकाठी नेरेइदा पिमेंतेलनं आखलेलं उंच हॉटेल उभं राहून वर्षही झालं नव्हतं, तोच तक्रारी सुरू झाल्या. वारा सुटला की वरच्या खोल्यांतली कपाटं आपोआप उघडत, टबातलं पाणी हिंदकळे. एक नवी नवरी तर बोट लागल्यासारखी ओकत खाली आली आणि लॉबीतच झोपते म्हणाली.

उंच इमारत थोडी झुलतेच, पण इतकी नाही. नेरेइदाच्या मनात पाल चुकचुकली. बांधकाम इंजिनिअर एलिसेओ मान्योननं करवून घेतलं होतं. तो तिच्या लेकीचा धर्मपिता. त्या नात्यानं तो तिला 'कोमाद्रे' म्हणे. त्याच वर्षी त्यानं डोंगरात, हाराबाकोआला, टुमदार घर बांधलं होतं. आपल्या इमारतीचं लोखंड तिकडे तर मुरलं नाही ना, असं तिला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

तिनं त्याला गाठलं, तर तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "लोखंडात खोट नाही, कोमाद्रे. पोरीची शपथ."

"मग माझ्याकडे बघून सांग की."

त्यानं बघितलं नाही.

ती थेट हॉटेलवर गेली. गच्चीखाली तिनं पाण्याची भली मोठी टाकी योजली होती. वाऱ्यानं इमारत झुलू लागली की आतलं पाणी उलट हेलकावे घेऊन तिला सावरायचं. तिथल्या दाराला नवं कुलूप दिसलं. मॅनेजर म्हणाला, किल्ली इंजिनिअरसाहेबांकडेच असते. आता तिला शंकाच उरली नाही. तिनं कुलूप तोडायला लावलं.

आत पाण्याचा थेंब नव्हता. टाकीची एक भिंत कापून काच बसवली होती, काचेपलीकडे नुसता समुद्र, आणि आरशांना लागून अर्धवट झालेला बार. मालक डॉन अनिबालची हौस.

निरोप मिळताच एलिसेओ वर आला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. लोखंड खरंच पुरेपूर घातलं होतं. टाकी रिकामी करायला त्यानं आधी विरोध केला होता. मालकानं पुढचा टॉवर देऊ केला, तसा गप्प बसला.

"मी तुला चोर समजत होते," नेरेइदा म्हणाली. "चोर असतास तर परवडलं असतं. खाली माणसं झोपतात रे."

"हातचं काम गेलं असतं, कोमाद्रे."

"मग आता जाऊ दे."

त्याच दुपारी तिनं पालिकेत तक्रार केली. एलिसेओ सोबत गेला आणि मालकाविरुद्ध साक्ष दिली. डॉन अनिबालनं दोघांचा उद्धार केला, पण वरचे मजले रिकामे करावे लागले. बार उखडला, भिंत बुजवली, टाकी भरली. सप्टेंबरच्या वादळात इमारत जेमतेम हलली.

टॉवर दुसऱ्याला गेला. वर्षभरानं नेरेइदानंच एलिसेओला एका शाळेच्या बांधकामावर बोलावलं. पोरीच्या वाढदिवसालाही तो पूर्वीसारखा येतो, डॉमिनो खेळतो. फक्त तो "झालंय" म्हणाला, की ती स्वतः शिडी चढून बघून येते. तो खाली उभा राहून शिडी धरतो.