गिरणीवाल्याचा बेडका

"थुंकायला काय लागतं रे? सगळं गाव फुकटात थुंकतं, तूही थुंक की!" म्हातारी म्हणाली, आणि गिरणीवाला आणखीच पेटला.

भांडण एका प्लॅस्टिकच्या डबीवरून होतं. आरोग्य केंद्राच्या सिस्टर ती गिरणीच्या फळीवर ठेवून गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या होत्या, "दोन आठवड्यांच्या वर खोकताय. छातीत क्षयाचे जंतू आहेत का ते बघायला हवं. उद्या सकाळी चूळ भरायच्या आधी बेडका द्या. थुंकी नको हं. थुंकी तोंडाची, बेडका छातीचा."

"अगं आई, हा पिठाचा खोकला आहे," गिरणीवाला म्हणाला. "वीस वर्षं लोकांचं पीठ खातोय, नाकानं. पण उद्या खरंच जंतूबिंतू निघाले, तर दळण घेऊन कोण येईल माझ्याकडं? सगळे पुलापलीकडं जातील."

"मग देऊ नकोस डबी."

"नाही दिली तर ती बाई रोज दारात उभी राहील. नुसती उभी राहिली तरी गावाला कळतं." एवढं बोलून तो थांबला, कारण त्याची नजर बायकोवर गेली होती.

बायको निंदणी करून नुकतीच आली होती. पाऊस सरून चार दिवस झाले तरी खालच्या पट्टीतला काळा चिखल अजून पाय सोडत नव्हता. दाराशी बसून ती खापरीनं टाचा खरवडत होती. ती ठणठणीत आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं? तर आपण ठणठणीत नाही, असं ती कधी म्हणाली नव्हती. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, इथं तर सासू होती.

"ए, उद्या सकाळी डबी तू भर," गिरणीवाला म्हणाला.

"मी?"

"तुझ्या छातीत काय असणार? निर्मळ निघेल. विषय मिटेल."

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. या घरात त्याला हो म्हणत.

सकाळी गोठ्यामागं जाऊन ती खोकली. डबी एका दमात भरली. गिरणीवाल्यानं ती उजेडात धरून, गिऱ्हाइकाचा गहू पारखावा तशी पारखली. "वा! मी तासभर खाकरलो असतो. निरोगी माणसाचं कसं सगळं झटपट असतं!" मग त्यानं डबीवर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

चार दिवसांनी सिस्टर कार्ड आणि गोळ्यांची पाकिटं घेऊनच आल्या. गिरणीत तेव्हा बाहेरचं कुणी नव्हतं.

"जंतू निघाले. दोन अधिक," त्या म्हणाल्या.

"अधिक म्हणजे बरंच की!" म्हातारी म्हणाली.

"नाही हो आजी. इथं अधिक म्हणजे वाईट."

गिरणीवाल्याचा चेहरा पिठाच्या खालीही पांढरा पडलेला दिसला. "डबी बदलली असेल," तो पुटपुटला. खोटं बोलला असं म्हणता येणार नाही.

बायको कोपऱ्यात पीठ चाळत होती. तिला सगळं ऐकू आलं. आता आपल्याला काहीतरी वाटेल, म्हणून ती वाट बघत राहिली. काही वाटलं नाही. चाळणीत कोंडा उरला, तो तिनं जनावरांच्या टोपल्यात ओतला आणि पुढची चाळण घेतली.

"घरात आणखी कुणाला खोकला?" सिस्टरनी विचारलं.

"छे," म्हातारी म्हणाली.

बायको खोकली.

"तिला चुलीचा धूर लागतो," म्हातारी म्हणाली.

"इथं कुठं चूल आहे?"

"सवय लागलीय तिला."

सिस्टरनी दुसरी डबी काढली. "वहिनी, उद्या तुम्हीही द्या. हा रोग श्वासातून घरभर फिरतो."

ती डबी गिरणीवाल्यानं भरली. एका घरात दोन रोगी म्हणजे गिरणीला कुलूपच, हा हिशेब त्याला तोंडपाठ होता. तपासणीत ती डबी स्वच्छ निघाली. आपला खोकला खरंच पिठाचा आहे हे त्याला कळलं, आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. कागदावर आता सगळं जागच्या जागी होतं. नवरा आजारी, बायको धडधाकट.

गोळ्या वजनावर ठरतात. गिरणीवाल्याचं वजन एकाहत्तर किलो भरलं, म्हणून रोज पाच. त्या सिस्टरच्या डोळ्यांदेखत गिळायच्या. तो पाणी प्यायचा, मान वर करायचा आणि गोळ्या गालात दाबून ठेवायचा. सिस्टरची पाठ वळली की पोत्यांच्या आडोशाला तळहातावर काढून बायकोपुढं धरायचा. "घे. तुझंच आहे."

माणूस तसा लबाड नव्हता. पाचातली एकही गोळी त्यानं कधी ठेवून घेतली नाही. सोबत रोग्याला ताकद यावी म्हणून दोन अंडी मिळायची, ती मात्र तो खायचा. अंडी गालात धरता येत नाहीत.

पहिल्या आठवड्यात तिला अन्नाची शिसारी आली. दुसऱ्यात ओकाऱ्या सुरू झाल्या. बांधाच्या कडेला लघवीला बसली की मातीत तांबडं पाणी जिरायचं. ती ते बघायची आणि खुरपं उचलून सरीत परतायची. पुढच्या सरीतल्या बाईनं विचारलं, "अगं, डोळे पिवळे का गं तुझे?" ती म्हणाली, "असतील." पिवळे असले तरी दिसायचं थांबलं नव्हतं. तण दिसत होतं, पीक दिसत होतं.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टर भर बाजाराच्या दिवशी केंद्राची जीप घेऊन आल्या. गिरणीत पाचसहा बाया दळणाला टेकल्या होत्या. पट्टा फटफटत होता. सिस्टरनी गिरणीवाल्याला बाजूला घेतलं, पण गिरणीत हळू बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून ओरडून विचारलं, "लघवी तांबडी होते ना?"

"कुणाची?"

"तुमची हो!"

"छे छे," तो अभिमानानं ओरडला. "एकदम पाण्यासारखी!"

सिस्टर त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच हात वर करून बटण बंद केलं. पट्टा मंदावत थांबला.

"या गोळ्या पोटात गेल्या की लघवी तांबडी होतेच," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग रोजच्या पाच गोळ्या जातात कुठं?"

म्हातारीला अचानक सुपातले खडे दिसायला लागले.

"माझ्यात," कोपऱ्यातून बायको म्हणाली.

"काय?"

"गोळ्या माझ्यात जातात. बेडकाही माझाच होता. दुसरी डबी त्यांची."

आवाज तिचाच होता, तरी दुसरंच कुणी बोलतंय असं तिला वाटलं. सिस्टर तिच्याजवळ गेल्या आणि बोटानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. "किती खाता रोज?"

"पाच."

"तुमचं वजन किती?"

"कुणी केलं नाही."

"चाळीसच्या वर नसाल तुम्ही! पाच गोळ्या सत्तर किलोच्या माणसाला असतात. कावीळ झालीय तुम्हाला. आणखी पंधरा दिवस असंच चाललं असतं तर औषधानंच..."

"हळू बोला, सिस्टर," गिरणीवाला म्हणाला. "गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाइकातली एक म्हातारी उठली, पोतं सावरलं आणि त्याच्याकडं नीट बघत म्हणाली, "बाबा रे, बायकोचा खोकलासुद्धा स्वतःच्या नावावर घेतलास!"

सिस्टरनी सगळ्या गोळ्या थांबवल्या. आधी रक्त तपासायचं, कावीळ उतरू द्यायची, मग तिच्या वजनाच्या, तिच्या नावाच्या गोळ्या. "आत्ताच्या आत्ता जीपमध्ये बसा."

"दळण कोण चाळेल?" म्हातारीनं विचारलं.

दारात आल्यावर बायकोला ढास लागली. नेहमीसारखं भिंतीकडं तोंड करून ती ओठ दाबायला लागली.

"दाबू नका," सिस्टर म्हणाल्या. "हा रुमाल धरा तोंडाला आणि खोका."

ती खोकली. कमरेत वाकून, दाराची चौकट धरून खोकली. सुरू झालेला खोकला संपेचना. रस्त्यावरचा सायकलवाला पाय टेकून थांबला.

"अगं बाई! एवढा खोकला कधीपासून गं तुला?" सासू म्हणाली.

"पेरणीच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं त्यावर खरोखर विचार केला. काही सापडलं नाही. ती जीपमध्ये चढली. गाडी रणरणत्या उन्हात उभी होती, आसन तव्यासारखं तापलं होतं. ती टेकली आणि तशीच उठली.

"आई गं!" ती ओरडली. "भाजलं ना मला!"

सिस्टरनी आपल्या पिशवीतला टॉवेल काढून आसनावर अंथरला.