मी अडवलेला कागद

मित्रांनो, मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे आणि सध्या भंगारवाल्याच्या गोदामात एका तुटक्या फ्रिजला टेकून उभी आहे. मी चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. गोडगोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. आठवते ते न्यायालयासमोरचे छोटे दुकान. एका नवरा-बायकोने मला तिथे आणले. सगळे त्यांना दादा आणि वहिनी म्हणत. दादा काउंटर सांभाळत, वहिनी माझ्या काचेवर कागद ठेवत. दुकानाचा नियम एकच होता: गिऱ्हाईकाचा कागद वाचायचा नाही, फक्त झेरॉक्स काढायची. त्या कागदांत लोकांच्या घरातली भांडणे असत, म्हणून कागद ठेवताना वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. लोकांना याचे कोण कौतुक! कौतुक माझेही होई, कारण मी कधी कागद अडकवत नसे. रोज सकाळी वहिनी मऊ फडक्याने माझी काच पुसत.

पुढे त्यांनी दुकानाचा गाळा विकत घेतला. बँकेचे कर्ज काढले, दोघांनी सह्या केल्या. वहिनींनी तोही कागद वाचला नाही. सवयच ती.

मग दोघांचे बिनसले. का, ते मला विचारू नका. बोलणे बंद झाले, पण दुकान एकच, म्हणून एकाच काउंटरमागे पाठ फिरवून उभे राहत. त्यातच माझा कागद ओढणारा रोलर झिजला.

"जिला मशीन हवी, तिनं खर्च करावा," दादा म्हणाले.

"ज्याच्या नावावर बिल आहे, त्यानं करावा," वहिनी म्हणाल्या.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथे तिसरी मी होते आणि माझी काच पुसायलाही कोणी नव्हते.

शेवटी दादांनी ओळखीच्या वकिलाकडून संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा करून आणला. "झेरॉक्स काढ, सही कर, सुटलो दोघं," ते म्हणाले. वहिनींनी कागद काचेवर पालथा ठेवला आणि घड्याळाकडे बघितले. अहो, स्वतःचा कागद होता तो! माझा दिवा त्यावरून सरकला आणि मी वाचले. गाळा दादांचा, हप्ते दादा भरणार, वहिनींचा कशावरही हक्क नाही. कर्जातून त्यांचे नाव काढण्याबद्दल मात्र एक अक्षरही नव्हते. मला ओरडावेसे वाटले, पण मला तोंड कुठे आहे? मग मी माझ्या परीने केले. प्रत अर्धी छापली आणि आतच घट्ट धरून ठेवली. रोलरला दोष देऊ नका, तो कागद मी मुद्दाम अडवला.

दादांनी मला लाथ घातली. वहिनींनी झाकण उघडून चुरगळलेली प्रत ओढून काढली, कुठवर छापले ते बघायला उलगडली आणि वाचूच लागल्या.

"यात कर्जाचं काय?"

"अगं, हप्ते मी भरणार असं लिहिलंय ना? विश्वास नाही का?"

"विश्वास असता तर हा कागद कशाला लागला असता?"

काउंटरपाशी एक वकीलबाई कागद घेऊन उभ्या होत्या. रोजच्या गिऱ्हाईक. त्यांना राहवले नाही. "वहिनी, हा कागद तुम्हा दोघांतला. बँकेची यावर सही आहे का? उद्या यांनी हप्ते थकवले, तर बँक तुमच्याही दारात येणार. घटस्फोट नवऱ्यापासून मिळतो, कर्जापासून नाही. बँकेकडून लेखी घ्या, मगच सही करा. आणि जॉइंट खातं, विम्यातला नॉमिनी, तेही बघून घ्या."

वहिनींनी पेन खाली ठेवले.

दादा बँकेत गेले आणि तोंड पाडून परतले. त्यांच्या एकट्याच्या कमाईवर एवढे कर्ज ठेवायला बँक तयार नव्हती, म्हणून वहिनींचे नाव निघेना. मग महिनोन्महिने धुसफूस. स्टूल कोणाचे, पंखा कोणाचा, त्यावरही वाद. अखेर गाळा विकला, कर्ज फेडले, उरलेले दोघांनी वाटून घेतले. स्टूल दादांनी नेले, पंखा वहिनींनी. मला कोणी मागितलेच नाही! करायला गेले एक आणि झाले भलतेच. वहिनींना वाचवता वाचवता माझेच छप्पर गेले. याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटच्या दिवशी वहिनी कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र घेऊन आल्या. उभ्याउभ्याच त्यांनी ते वाचले, मागची बाजूसुद्धा. मग बाहीने माझी काच पुसली आणि पत्र ठेवले. उरलासुरला जीव एकवटून मी दोन स्वच्छ प्रती काढल्या. एक त्यांनी दादांपुढे धरली.

"आधी वाच," त्या म्हणाल्या, "मग ठेव."

दादा वाचू लागले.

मित्रांनो, दुसऱ्याचा कागद वाचू नका, ते बरोबरच आहे. पण स्वतःचा मात्र अक्षर न् अक्षर वाचा, कितीही घाई असो, कितीही विश्वास असो. यंत्रांची काच पुसत जा. आणि कागद अडकला म्हणून मशीनला लाथ मारू नका. कधीकधी ती तुमच्याच बाजूने उभी असते.