कोमट गळती

घर राहायला घ्यायचं असतं तर मला कळलं असतं. पाणी, शेजार, शाळा किती लांब, संपलं. पण हे भाड्याने द्यायला घ्यायचं होतं आणि त्यात प्रत्येकाचं वेगळंच. बाबा म्हणाले, "भाडेकरू आत असलेलं घर म्हणजे हातात विस्तव." नणंद म्हणाली, "उलट तसंच घे, पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू." नवरा म्हणाला, "तुला काय वाटतं?" मला एवढंच वाटत होतं, की लेकीसाठी बाजूला टाकलेलं सगळं या दोन खोल्यांत जाणार आणि चुकलं तर आम्ही हात चोळत बसणार.

दलाल पुढे, आम्ही मागे, लेक माझ्या कडेवर. दार भाडेकरणीने उघडलं. माझ्याच वयाची. हात ओले.

"या. जरा जपून, बादली आहे."

खोलीच्या मधोमध खरंच बादली होती, काठोकाठ.

"छत गळतं," ती म्हणाली. "सारखं."

दलालाचा चेहरा उतरला. "अहो ताई, मागच्या आठवड्यात तर ठणठणीत होतं!"

"गळायला काय मुहूर्त लागतो?"

"वहिनी, तुम्ही मनावर घेऊ नका." तो माझ्याकडे वळला. "ह्या ताई महिन्याभरात घर खाली करतील. मग रंग मारा, चढ्या भाड्याने द्या. मी मालकाला किंमत उतरवायला सांगतो." नवऱ्याचे डोळे चमकले. दोघं फोन लावायला जिन्यात गेले.

मी वर पाहिलं. छताला डाग नाही, पोपडा नाही, साधी पिवळी कडसुद्धा नाही. तेवढ्यात लेक बादलीकडे झेपावली. तिला आवरताना माझं कोपर सवयीने पाण्यात गेलं. तिच्या आंघोळीचं पाणी मी रोज असंच बघते.

पाणी कोमट होतं. अगदी बाळाला चालेल इतकं.

भाडेकरणीने माझं कोपर पाहिलं होतं. पडद्याआड तिचं मूल झोपेत कुरकुरलं.

"घाईत गरम पाण्याचा नळ सोडला," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्या दलालाने आणलेले दोघं बादली बघून पळाले. खाली पाळणाघर आहे हो. इथून हलले तर नोकरी सोडावी लागेल."

रागवावं की नाही, कळेना. हिच्या खोट्यापायी आम्हाला घर स्वस्तात मिळणार आणि त्याच खोट्यापायी ही रस्त्यावर येणार. नवऱ्याला सांगावं तर किंमत परत चढणार. न सांगावं तर उद्या हिच्याच दारात कुलूप घेऊन मी उभी.

"आम्ही घेतलं आणि तुम्ही इथेच राहिलात तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"भाडं?"

"आहे तेच. वर्षभर तरी." कुणाला विचारून बोलले मी हे?

तिने छताकडे पाहिलं. "मग गळती थांबेल."

मला हसू फुटलं, तिलाही. मग तिने पुढे होऊन खिडकीखालचा खेळण्यांचा खोका ओढला. "आता खरं ते बघा. बाहेरचा पाइप झिरपतो, ही भिंत कायम ओली. एवढे लोक येऊन गेले, कुणी खोका सरकवला नाही."

मी हात लावला. गिलावा भुगा होऊन तळहाताला चिकटला.

नवरा आत आला. "अगं, मालक गळतीचे पैसे कमी करतोय!"

"छताचे नकोत. ह्या भिंतीचे कमी करायला सांग. आणि ह्या इथेच राहतील."

"कोण म्हणालं?"

"मी."

दलाल भिंतीकडे बघे, छताकडे बघे. "अहो, मग छत?"

"त्याचं आमचं आम्ही बघू," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

नवरा कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत राहिला. संध्याकाळी बाबांचा फोन येणार आणि मला सगळं सांगावं लागणार. विस्तव हातात घेतला का, ते मलाच अजून कळलेलं नाही. हात तर ओल्या भिंतीने गार पडला होता, आणि लेक त्यावरचा भुगा बोटाने टिपायला बघत होती.