पिवळ्या घरातली अंघोळ

मिलवॉकीच्या जुन्या गल्ल्यांतले सांडपाण्याचे मातीचे पाइप आम्ही खोदून काढत नाही. राळेत भिजवलेली लांब कापडी नळी आत सरकवतो, फुगवतो, वाफेने कडक करतो. जुन्याच्या पोटात नवा पाइप तयार होतो. मग छोटं यंत्र आत सोडून प्रत्येक घराची बुजलेली जोडणी कापून उघडायची. रिकाम्या घराची मात्र बंदच ठेवायची.

त्या गल्लीतलं पिवळं घर रिकामं होतं. मालकीण कधीचीच फ्लोरिडाला गेलेली. पण नळी घालण्याआधी कॅमेरा आत सोडला, तर तिच्याच जोडणीतून साबणाचा फेस येत होता. शेजारच्या ह्रुस्कांची जोडणी मात्र कोरडी ठणठणीत.

"नोरीन, भुतं अंघोळ करतात वाटतं," आमचा मुकादम व्हर्जिल म्हणाला. "जा, बघून ये."

मी पिवळ्या घराचं दार वाजवलं. उघडलं ते म्हाताऱ्या ह्रुस्कांनी. खांद्यावर टॉवेल, केस ओले.

"कुंड्यांना पाणी घालायला आलो होतो."

"डोक्यावरून?"

ते हसले आणि पायरीवर टेकले. "मालकिणीची परवानगी आहे गं. माझ्या घरचं पाणी उन्हाळ्यापासून तुंबलंय."

"मग प्लंबर नाही बोलावलात?"

"बोलावला की. म्हणाला, सगळं अंगण खोदावं लागेल. ते कळलं की पोरगी विमानात बसलीच समज. 'बाबा, विका ते घर, चला माझ्याकडे फीनिक्सला.' अगं, तिथं हिवाळासुद्धा नसतो!"

मी व्हर्जिलला सांगितलं. तो कुरकुरला, पण त्यांच्या तळघरातून कॅमेरा घातलाच. ह्रुस्कांच्या पाइपात झाडाच्या मुळांचं जंजाळ माजलं होतं. मुळं कापून, पालिकेची परवानगी काढून, पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्याही पाइपाला आतून अस्तर घातलं. अंगणातलं गवतही हललं नाही.

"सोडा नळ!" व्हर्जिल ओरडला. पाणी सरळ वाहत गेलं.

ह्रुस्कांनी आमच्यासमोरच लेकीला स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"उन्हाळ्यापासून, बाबा? मला का नाही सांगितलंत?"

"तू आली असतीस म्हणून."

"येणारच आहे. थँक्सगिव्हिंगला, पोरांना घेऊन. घर विकायला नाही, टर्की खायला."

त्यांनी फोन ठेवला.

"म्हणजे पाहुण्यांच्या चादरी धुवायला हव्यात," ते पुटपुटले आणि कठड्याला धरून तळघरातल्या मशीनकडे उतरू लागले.