बिनआवाजाची गाडी

माझ्या सासऱ्यांचं पहिलं लग्न त्यांच्या गाडीशी झालेलं आहे. सासूबाई नंतर आल्या आणि मी तर सगळ्यांत शेवटी. त्यामुळे माझा दातांचा ब्रश कार्ब्युरेटर घासायला गेला तर त्यात एवढं काय, असं नवऱ्याचं म्हणणं. त्याचा ब्रश गेला तेव्हा मात्र त्याने घर डोक्यावर घेतलं होतं.

गाडी सासऱ्यांहून थोडीच लहान. तिच्यात सुपरचार्जर आहे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. त्याचे गिअर झिजलेले होते, त्यामुळे गाडी असा काही बारीक, चढत जाणारा सूर काढायची, की सासरे पलीकडच्या गल्लीत असतानाच आम्हाला वर्दी मिळायची. मग एकच धावपळ. नवरा टीव्ही बंद करून पेपर उघडायचा, एकदा तर उलटाच. सासूबाई सासऱ्यांच्या आरामखुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गडप व्हायच्या. सासरे दारात येईपर्यंत घर चिडीचूप. "शांतता बघायची तर आमच्याकडे या," असं ते चारचौघांत अभिमानाने सांगायचे.

ते रागीट आहेत असं मुळीच नाही. रागीट माणूस ओरडून मोकळा तरी होतो. सासरे समजावून सांगतात. टीव्ही चालू दिसला की टीव्हीपासून सुरुवात करून ते कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या डबीपर्यंत पोचतात, आणि तिथून त्यांना परत आणणं कोणाच्या बापाला जमत नाही.

अशा माणसाने एक दिवस ठरवलं की तो आवाज घालवायचा. नवे गिअर आले, नवी बेअरिंगं आली. जेवणाच्या टेबलावर सुपरचार्जर उघडा पडला आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवू लागलो. शेवटी एकदाची गाडी जोडून झाली. सासऱ्यांनी आम्हाला अंगणात बोलावून इंजिन चालू केलं.

"ऐका!"

"काय ऐकायचं?" मी विचारलं.

"तेच तर!" सासरे म्हणाले, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. इतकी अक्कल गहाण ठेवून कोणी टाळ्या वाजवल्या नसतील.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सासरे गाडी घेऊन भाजी आणायला गेले होते आणि सासूबाई रंगात आल्या होत्या. सासऱ्यांचा चष्मा नाकावर, हातात चहाची गाळणी. "हवा किती, पेट्रोल किती! जग इथेच चुकतं, सूनबाई! आणि हा बघ कार्ब्युरेटरातला फ्लोट!" असं म्हणून त्या कमरेतून अशा काही डुलल्या, की नवरा सोफ्यावरून खाली घसरला. हसून हसून माझी पुरेवाट झाली. डोळे पुसत मी दाराकडे पाहिलं, तर सासरे उभे. हातात भाजीची पिशवी.



"फ्लोट असा हलत नाही," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

जेवताना त्यांनी काहीही समजावून सांगितलं नाही. भाजीत मीठ कमी होतं, तरी नाही. 

सकाळी मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले. सुपरचार्जर पुन्हा उघडलेला होता आणि सासरे नवे गिअर काढून जुने बसवत होते.

"बाबा, हे काय? इतके कष्ट घेतलेत ना!"

"जुनेच बरे, सूनबाई." त्यांनी वर पाहिलं नाही. "तुझ्या सासूला इतकं खुललेलं मी कधी बघितलंच नव्हतं. मी आलो की घर गप्प होतं, हे मला आत्ता कळलं. तुम्ही हसत जा. मी आपला लांबूनच कळवत येईन."

मला भडभडून आलं. मी कप पुढे केला. तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. त्यांनी सरळ जुने गिअर उचलले आणि तेलासकट पदरात बांधले.

"अगं, साडी!"

"जाऊ द्या साडी. नवेच बसवा. आणि अहो, तो फ्लोट कसा हलतो ते एकदा नीट दाखवा. केली नक्कल तर धड करावी माणसाने."

सासऱ्यांनी दोघींकडे पाहिलं. मग हात पुसले आणि एक तळवा आडवा धरला. "कमरेतून नाही. डबीत पेट्रोल भरलं की हा असा हळूच वर येतो, आणि वरची वाट बंद करतो. संपलं की खाली."

"असा?" सासूबाई पंजांवर हळूच उंच झाल्या, तोंड घट्ट मिटलं, डोळे विस्फारले आणि सावकाश खाली बसल्या.

सासरे हसले. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग बारीक आणि चढत जाणाऱ्या सुरात. थेट जुन्या गिअरांसारखे. थांबेचनात.

आणि घरात माझ्या नवऱ्याने घाईघाईने टीव्ही बंद केला.