बघायला आलेली माणसं

माझ्या जिभेला हाड नाही, असं दापोड्यात सगळे म्हणतात. खोटं नाही ते. पण त्या दिवशी मी तोंड उघडलं ते नवऱ्याला वाचवायला, हे आता कुणाला सांगू?

२००६ साल. बुधवारी सकाळी गोडाऊनवर धनेशचं डोकं एकाएकी असं दुखलं की तो मटकन खाली बसला. भिवंडीतल्या दवाखान्यात सीटी स्कॅन केला. डॉक्टर म्हणाले, "मेंदूतल्या शिरेला फुगा होता, तो फुटलाय. रक्त थांबलंय, पण कच्च्या खपलीवर. मुंबईत उद्या सकाळी खाट मिळेल, तिथं ऑपरेशन. तोवर उठणं नाही, जोर करणं नाही, चिडणं नाही. प्रेशर वर गेलं की खपली उडेल. परत फुटलं तर वाचणं कठीण."

मी खोलीत अंधार केला आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसले.

आमच्यात आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद होतं. चार वाजता दापोड्याहून दोन टेम्पो भरून माणसं आली. पुढे केसरीनाथकाका, माझे चुलतसासरे. धनेशचा बाप लवकर गेला. काकांनीच त्याला वाढवलं.

"बाजूला सर, बाय. पोऱ्याला बघाचा हाय."

"डॉक्टर नको म्हणालेत, काका."

"आमी का परके हाव?"

मी आधी हात जोडले. देवाशपथ जोडले. पण मागून कुणीतरी म्हणालं, नवरा ताब्यात ठेवलाय हिनं. मग माझा तोल गेला.

"बघून काय करणार? चहा पिऊन घरी जाल. मेला तर रांडव मी होणार, तुम्ही नाही."

काकांचा चेहरा पडला. चारचौघांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. ते म्हणाले, "तुझ्या बापानं हेच शिकवलं का?" आणि मी बापावरून आणखी चढले. किती मोठ्यानं बोलत होते, मला कळलंच नाही.

आतून धनेश ओरडला, "निशा! काकांना उलटून बोलायचं नाही!"

वळून पाहिलं तर तो पलंगावर उठून बसला होता, पाय खाली सोडलेले. दोन्ही हातांनी डोकं धरलं, ओकला आणि आडवा झाला.

डॉक्टर मला नंतर म्हणाले, "बाई, पहिल्या दिवशी परत फुटण्याची भीती सगळ्यात जास्त. झोपेतसुद्धा फुटलं असतं."

असेल. पण झोपेत नाही फुटलं.

दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं, ओटीवर ठेवलं. सगळा गाव आला. पोरं, म्हातारी, ज्यांना मी ओळखतही नाही, सगळी जवळ जाऊन, चेहऱ्यावरून हात फिरवून बघून गेली. मी कुणाला अडवलं नाही.

केसरीनाथकाका मात्र पायरीवरच उभे राहिले. किती वेळ उभे होते कोण जाणे. मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "येऊ का गं?"